बतूलोचा कागद

४ मार्च, सोमवार

आजपासून वही लिहायला घेतली आहे, कारण हे बोलायची कुठे सोय नाही. ज्याच्याशी बोलायला जावं तो होदानचं कौतुक करतो आहे.

होदान वारसामे आजपासून शेजारच्या खोलीत इंग्रजी शिकवायला लागली. चौदा वर्षांपूर्वी ती माझ्याच वर्गात पुढच्या टेबलाशी बसायची. सोमालियातून नुकतीच आलेली, बावीस वर्षांची, मांडीवर तान्हं मूल, आणि इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिला मी शिकवलं. नंतर ती कॉलेजात गेली, शिक्षिका झाली, आणि आता याच जुन्या गिरणीत, याच मजल्यावर, माझ्या भिंतीला भिंत लावून उभी आहे. सगळ्यांसमोर मला मिठी मारून म्हणाली, "बाई, मी परत आले."

आमच्या प्रौढ शिक्षण केंद्राचा संचालक गॉर्डन म्हणाला, "लुसील, तुला केवढा अभिमान वाटत असेल." मी म्हटलं, वाटतोय ना. वाटतोही. पण त्याने पुढचं वाक्य त्याच दमात टाकलं. अनुदान कमी झालंय, सप्टेंबरपासून नवशिक्यांचा एकच वर्ग राहील. मे महिन्यात राज्याकडून तपासणीला कुणीतरी येईल, दोन्ही वर्ग बघेल, मग ठरेल.

सव्वीस वर्षं मी हा वर्ग घेते आहे. एकसष्टाव्या वर्षी मला कोण नवीन वर्ग देणार?

७ मार्च, गुरुवार

भिंत पातळ आहे, हा काही माझा दोष नाही.

होदान तिच्या विद्यार्थ्यांना बोलूच देत नाही. स्वतःच बोलते, "उठा. दाराकडे चला. दार उघडा. बटाटा उचला. बटाटा हाजीच्या डोक्यावर ठेवा." की सगळे तसं करतात आणि हसतात. दोन आठवडे कुणी तोंड उघडायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि करायचं, म्हणे. लहान मूल आधी वर्षभर ऐकतं आणि मग बोलतं, असं तिने गॉर्डनला समजावलं. गॉर्डनने मान डोलावली. माझ्यापुढे सव्वीस वर्षांत त्याने एकदाही अशी मान डोलावलेली नाही.

माझ्या वर्गात शिस्त असते. मी म्हणते, सगळे माझ्यामागून म्हणतात, मग पाच वेळा लिहितात, मी लाल पेनाने तपासते. कुणी हसत नाही. भाषा शिकायला आलात की हसायला?

२० मार्च, बुधवार

चार जणांनी वर्ग बदलून घेतला. गॉर्डन म्हणतो, "त्यांची मर्जी, लुसील, आपण अडवू शकत नाही." तिघांचं मला काही वाटलं नाही. चौथी बतूलो.

बतूलो त्रेसष्ट वर्षांची आहे. जन्मात कधी शाळेत गेली नव्हती. स्वतःच्या भाषेतही तिला अक्षर येत नाही. तीन वर्षं ती माझ्या वर्गात आहे. तीन वर्षं मी तिच्या हातात हात धरून अक्षरं गिरवून घेतली. अजून तिला एक सबंध ओळ वाचता येत नाही, आणि मी कधी तोंड वाकडं केलं नाही. निदान तिच्यासमोर तरी नाही.

आज ती डबाभर सामोसे घेऊन आली. म्हणाली, "बाई, तुम्ही चांगली. होदान वर्ग, मी हसते. माफ."

मी म्हटलं, "मी हसते, नाही. 'मला हसू येतं.' म्हण बघू."

तिने म्हटलं. मग शेजारी गेली. सामोसे मी गॉर्डनच्या टेबलावर नेऊन ठेवले, कारण खायची इच्छा नव्हती. नंतर दोन खाल्ले.

२७ मार्च, बुधवार

आज मीही बटाटा नेला. लिहायला लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय.

बटाटा, कांदा, बसचा पास आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली, असं सगळं टेबलावर मांडलं. होदान हेच आणते. मग मी ठणठणीत आवाजात म्हटलं, "उठा." सगळे उठले. "दाराकडे चला." चालले. "दार उघडा." उघडलं. "बाहेर जा."

सगळे गेले. मी "आत या" म्हणायच्या तयारीत उभी. कुणी येईना. बाहेर जाऊन बघते तर अकरापैकी दहा जण जिन्याशी कोट चढवून उभे. त्यांना वाटलं, बाईंनी आज लवकर सोडलं. अकरावा, अंगोलाचा गृहस्थ, तर बसमध्ये बसूनही गेला.

माझ्या वर्गात मी काही सांगितलं की ते मुकाट्याने करायचं असतं, त्यात खेळ असू शकतो हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून? होदान दारातून बघत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाई, पहिल्यांदा माझंही असंच झालं होतं." खोटं. तिचं कधीच काही चुकत नाही.

६ एप्रिल, शनिवार

म्युरिएलकडे बीन्स खायला गेले. दर शनिवारी आम्हा बहिणींचं हेच. तिच्याजवळ मन मोकळं करावं म्हटलं, तर ती टोमणे मारायला टपलेली.

"अगं लुसी, तुझ्या पोटात दुखतंय," म्हणाली.

"दुखत नाहीये. तिची पद्धत चुकीची आहे. चूक झाली तरी ती सुधारत नाही. जे बोलतात ते तसंच्या तसं मोठ्या कागदावर लिहिते आणि भिंतीला लावते. चुकांसकट."

"मग?"

"मग काय? चुका डोक्यात पक्क्या होतात. आपण कशा शिकलो? घरी फ्रेंच, शाळेत एक शब्द फ्रेंच निघाला की सिस्टर आंतोनेत पट्टी मारायची. शिकलो ना इंग्रजी?"

"तू शिकलीस," म्युरिएल बीन्स वाढत म्हणाली. "मी दुसरीत एकदा चुकले, सगळा वर्ग हसला, त्यानंतर शाळेत तोंडच उघडलं नाही. पंधराव्या वर्षी बुटांच्या कारखान्यात लागले. तिथे मशीनशी बोलावं लागत नाही."

"तू तशीही आळशी होतीस," मी म्हटलं.

ती हसली आणि ब्रेडचा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला. म्युरिएलचं हे असं. विषय कुठला, बोलते काय.

२४ एप्रिल, बुधवार

आजचं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मधल्या सुट्टीत होदानने मला हाताला धरून तिच्या खोलीत नेलं. "बाई, तुम्ही बघायलाच हवं." भिंतीवर सात मोठे कागद लावले होते. एकेका विद्यार्थ्याने तोंडी सांगितलेली स्वतःची गोष्ट, होदानने ऐकून लिहिलेली. बतूलो उठली, खिडकीपासून तिसऱ्या कागदाशी गेली आणि शब्दाखाली बोट ठेवत वाचू लागली.

"माझं गाव नदी. आंबा झाड अकरा. सकाळी मी तीळ कुटते. नदीत मगर. मगर आली, भाऊ गेला. आता इथे बर्फ. बर्फात मगर नाही."

अडखळली नाही. बोट आणि शब्द एकदाही चुकले नाहीत. होदानने मधलाच एक शब्द झाकून विचारला, तोही तिने बरोबर सांगितला, म्हणजे पाठ केलेलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बतूलोने रुमालाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. मीही टाळ्या वाजवल्या.

तीन वर्षं. माझ्याकडे तीन वर्षं, आणि हिच्याकडे पाच आठवडे. मला आनंद झाला नाही. मला वाटलं, बतूलोने अडखळावं. एकदा तरी अडखळावं. वाटलं ते वाटलं, आता लिहूनही टाकलं.

होदान म्हणाली, "शब्द तिचेच आहेत ना, बाई. म्हणून सापडतात तिला." जसं काही मी इतकी वर्षं तिला दुसऱ्या कुणाचे शब्द देत होते.

आणि एका कागदावर नऊ चुका होत्या. मी मोजल्या.

८ मे, बुधवार

उद्या तपासणी. राज्याच्या शिक्षण खात्याकडून कुणी मिसेस ट्रॅस्क येणार आहे.

दुपारी होदान लवकर घरी गेली. परवापासून रमजान सुरू झालाय, मुलांच्या शाळेनंतर तिला संध्याकाळचा स्वयंपाक असतो. मी तिच्या खोलीत खुर्च्या मोजायला गेले. खरंच खुर्च्या कमी होत्या. आणि ते सात कागद. उद्या ती ट्रॅस्कबाई आत शिरली की पहिलं काय बघणार? भिंतीभर चुका. आमच्या सगळ्या केंद्राचं नाव जाईल. नाव होदानचं जाईल, पण ती माझी विद्यार्थिनी आहे, म्हणजे माझंही जाईल.

म्हणून मी ते दुरुस्त केले. आधी वाटलं, लाल खुणा कराव्यात. पण ते वाईट दिसलं असतं. मग कोरे कागद घेतले आणि सातही गोष्टी शुद्ध करून, ठसठशीत अक्षरात, नव्याने लिहून काढल्या. बतूलोचा तर इतका छान झाला. "माझं गाव नदीच्या काठी वसलेलं होतं. तिथे आमच्या मालकीची आंब्याची अकरा झाडं होती." असं शेवटपर्यंत. मगरीचा भाग जरा बेताने घेतला. दोन तास लागले. पाठ भरून आली. ज्या जागी जो कागद होता त्याच जागी तो लावला, जुने दुमडून रद्दीच्या डब्यात टाकले. संध्याकाळी रद्दीवाला डबे घेऊन गेला.

होदानला सकाळी आयतं मिळेल. आभार नाही मानले तरी चालेल.

हे मी तिच्यासाठी केलं.

९ मे, गुरुवार

मिसेस ट्रॅस्क वेळेआधीच आली, साडेआठला. होदान कोट काढते न काढते तोच गॉर्डन पाहुणीला घेऊन आत शिरला, आणि मलाही बोलावलं. मी मागे उभी राहिले. होदानने भिंतीकडे बघितलं. बघतच राहिली. मग वळून पाहुणीशी हात मिळवला.

बतूलोने ठरवलंच होतं. कुणी सांगायच्या आत ती उठली, खिडकीपासून तिसऱ्या कागदाशी गेली, पाहुणीकडे बघून हसली आणि बोट ठेवलं. "माझं गाव." पुढे गेली. बोट थांबलं. परत मागे आली. "माझं गाव." खालच्या ओळीत शोधलं. वरच्या ओळीत शोधलं. कागद तिच्या जागेवर होता, पण त्यात तिचं काही नव्हतं. ती बोट फिरवत राहिली, ट्रॅस्कबाईने कौतुकाचं हसू तोंडावर धरून ठेवलेलं. मग बतूलोने होदानकडे बघितलं. कुणी घरातलंच आपलं काही उचलून नेलं तर माणूस जसं बघेल तसं. खुर्चीवरचा कोट घेतला आणि निघून गेली.

होदान पाहुणीला म्हणाली, "रोजा आहे. उपाशीपोटी चक्कर येते."

मी तिथेच होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. नंतर ट्रॅस्कबाई माझ्या वर्गात आली, माझ्या सगळ्यांनी एका सुरात वाक्यं म्हटली, एकही चुकलं नाही.

१० मे, शुक्रवार

बतूलो आली नाही.

१४ मे, मंगळवार

वर्ग मला मिळाला.

गॉर्डनने दार लावून अहवाल वाचून दाखवला. माझ्याबद्दल लिहिलंय, जुनी पद्धत पण नेमकी, शिस्तबद्ध. होदानबद्दल लिहिलंय की भिंतीवरची कामं विद्यार्थ्यांची नसून शिक्षिकेनेच रचलेली दिसतात, विद्यार्थ्यांना ती वाचता येत नाहीत, हे दिशाभूल करणारं आहे. गॉर्डन म्हणाला, "मी होदानला विचारलं. म्हणाली, हो, कागद आयत्या वेळी बदलले, माझी चूक. मला तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मला आनंद व्हायला हवा होता. सव्वीस वर्षांत एवढं स्पष्ट मी कधीच जिंकलेली नाही. मी होदानच्या खोलीत गेले. ती कागद उतरवत होती.

"तू त्याला तुझी चूक का सांगितलीस?" मी विचारलं.

"मग काय सांगू?" ती कागदाची गुंडाळी करत म्हणाली. "बाई, माझ्या सहा वह्या तुम्ही तपासल्यात. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही?"

मी म्हटलं, मला मदत करायची होती.

"हो," ती म्हणाली. "मी सहा दिवस स्वतःला तेच सांगतेय. वर्ग तुम्ही घ्या, बाई. खरंच घ्या. मी तरुण आहे, मला पोर्टलंड शहरात कुठेतरी काम मिळेल. पण बतूलोमावशी मला दार उघडत नाही. चार वेळा गेले. तिची मुलगी आतून सांगते, आई म्हणते, होदानने मला सगळ्यांसमोर मूर्ख केलं. आधी माझे शब्द लिहून घेतले, मग बदलले. आमच्यात मी तिच्या बहिणीच्या लेकीसारखी आहे. तेवढं फक्त तिला सांगा. ते दुसरं कुणी सांगू शकत नाही."

चिडली असती, ओरडली असती, तर मला उत्तर देता आलं असतं. तिचं ते शांत बोलणं मला सहन झालं नाही. एवढं मोठं मन हिच्याकडेच का असावं? मला त्याचाही हेवा वाटला. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त त्याचाच.

१५ मे, बुधवार

सकाळी आधी गॉर्डनकडे गेले, कारण नंतर जाईन म्हटलं असतं तर गेले नसते. सगळं सांगितलं. त्याने अहवाल पुन्हा बाहेर काढला. म्हणाला, "मी ट्रॅस्कबाईंना कळवतो. वर्ग होदानला जाईल. लुसील, तू हे का केलंस?"

"तिचं चांगलं चाललं होतं म्हणून," मी म्हटलं. हे वाक्य उच्चारायला मला एकसष्ट वर्षं लागली असं वाटलं.

मग एक मोठा कोरा कागद गुंडाळून घेतला आणि बतूलोकडे गेले. बार्टलेट रस्त्यावर तिसरा मजला. दार तिनेच उघडलं. होदानला उघडत नाही, मला उघडलं, म्हणाली, "बाई. या." खुर्चीवर बसवलं, आणि स्वतःचा रोजा असताना माझ्यासाठी वेलची-दालचिनीचा चहा टाकला. मी नको नको म्हणत होते. तिने ऐकलं नाही. कप माझ्यासमोर ठेवला, दोन चमचे साखर घालून ढवळलाही, आणि समोर बसून राहिली.

मी सांगायला सुरुवात केली. माझं लांबलचक इंग्रजी तिला कळेना. मग मी कमी शब्दांत सांगितलं. "तुझा कागद. होदान नाही. मी. मी काढला. मी लिहिला. मी फेकला." प्रत्येक वेळी मी छातीवर हात ठेवला.

चहा निवत होता.

"का?" ती म्हणाली.

"तू होदानकडे वाचलंस. माझ्याकडे नाही."

तिने उठून टेबलावरचं सगळं बाजूला केलं, माझ्या हातातली गुंडाळी घेतली, कागद पसरला आणि कोपऱ्यावर साखरेचा डबा ठेवला. मग बोट टेकवून म्हणाली, "लिहा."

मी पेन काढलं. ती एक एक शब्द सांगत गेली आणि मी लिहीत गेले. होदान लिहिते तसं, तिच्या तोंडून आलं तसं. हात शिवशिवत होते. दुसऱ्या ओळीला मी थांबले, एक शब्द मला फारच वाकडा वाटला. तिने बोटाने कागदावर टकटक केलं. मी तसाच लिहिला. झालं, तेव्हा तिने कागद स्वतःकडे वळवला आणि बोट ठेवून वाचला:

"बाई लुसील माझा कागद फेकला. मी शोधते, माझं गाव नाही. लाज खूप. घरी मी रडते. आज बाई येते. बाई सांगते, मी फेकला. मी चहा दिला. होदान चांगली."

अडखळली नाही. माझ्या नावाशीही नाही. ते तीन वर्षं माझ्या फळ्यावर होतं.

"बाई," तिने विचारलं, "चूक आहे?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मुलीला हाक मारून चिकटपट्टी मागवली आणि कागद दारासमोरच्या भिंतीवर लावला, येणाऱ्याच्या नजरेस पहिला पडेल असा. मी कोट घ्यायला उठले. तिने हाताने खाली बसायची खूण केली. नातवंडं अडीचनंतर शाळेतून येतात, त्यांना वाचून दाखवायचं आहे, बाई थांबा. मी थांबले. चार नातवंडं आहेत तिला, प्रत्येकाची सुटायची वेळ वेगळी, आणि एक एक आलं की ती पुन्हा उठून पहिल्यापासून वाचायची. संध्याकाळपर्यंत मी तो कागद आणखी चार वेळा ऐकला.